हात उचललेलाच होता

मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास धर्मापुरीच्या शिवारात उत्तरेश्वर सिदू मासाळ या चोवीस वर्षांच्या मेंढपाळाला चाक खोलायच्या लोखंडी टॉमीने, काठ्यांनी आणि लाथांनी मारण्यात आलं. अंबाजोगाईला नेताना तो वाटेतच गेला. मार चालू असताना त्याचा थोरला भाऊ बजरंग तिथे उभा होता. दोघांमध्ये एका बाजेएवढं अंतर होतं. बजरंग हा शरीरसौष्ठवातला मराठवाड्याचा विजेता आहे आणि सिनेमात खलनायकाची कामं करतो. त्याने कुणालाही हात लावला नाही.

हे सगळं मोबाइलवर चित्रित झालेलं असल्यामुळे इथपर्यंत वाद नाही. वाद आहे तो बजरंग नुसता का उभा राहिला, याबद्दल.

मासाळांचं घर चौसाळ्याजवळच्या वस्तीवर आहे. सोयाबीन निघालं की वडील सिदू, आई भामाबाई, उत्तरेश्वर आणि त्याची बायको सुकन्या कळप घेऊन परळीकडे सरकत. मोकळ्या झालेल्या रानात रात्रीची मेंढरं बसवायची, लेंडीखत शेताला मिळायचं, आणि शेतमालक त्याबद्दल ज्वारी द्यायचा. बजरंग यातून लवकर सुटला. कॉलेजसाठी बीडला गेला तो बसस्थानकामागच्या रामेश्वर उस्तादाच्या व्यायामशाळेत रमला. आधी जिल्ह्याचा किताब आला, मग मराठवाड्याचा. तिथले फोटो पाहून एका फाइट मास्टरने त्याला मुंबईला बोलावून घेतलं.

पुढची काही वर्षं त्याने पडद्यावर मार खाल्ला. काचेतून पडला, हातगाड्यांवर पडला, नायकाच्या एका ठोशात भिंतीवर आदळला. उत्तरेश्वर मित्रांना सांगायचा, "आमच्या दादाचा धंदाच पडायचा हाय." सांगताना त्याला हसू आवरत नसे, पण दादाचा प्रत्येक सिनेमा तो अंबाजोगाईला किंवा बीडला जाऊन पहिल्याच दिवशी बघायचा.

यंदा पहिल्यांदा बजरंगला मुख्य खलनायकाची भूमिका मिळाली. शेवटच्या मारामारीसाठी निर्मात्याने धर्मापुरीच्या कडेची बंद पडलेली खाण निवडली. योगायोगाने मासाळांचा कळप तेव्हा जवळच, अर्जुनराव थोरबोले यांच्या रानात बसलेला होता. मंगळवारी बजरंगचा उघड्या अंगाचा शॉट होता.

अशा शॉटसाठी शरीर सुकवतात. व्यायामशाळेतला हा रोजचा शब्द आहे. आधी मीठ तोडायचं, मग पाणी तोडायचं, आणि शेवटी अंगात उरलेलं पाणी लघवीवाटे काढणारी गोळी घ्यायची. सकाळी थोडा गूळभात. मग कातडी स्नायूला चिकटते, शिरा दोरीसारख्या वर येतात. माणूस सर्वांत बलदंड दिसतो तो याच दिवशी, आणि त्याच्या अंगात सर्वांत कमी ताकद असते तीही याच दिवशी. स्पर्धेच्या पडद्यामागे अशी पोरं पेटके येऊन जमिनीवर लोळत असतात. कधी दोघांनी धरून त्यांना पायऱ्या चढवावं लागतं. समोर बसलेल्यांना फक्त शरीर दिसतं. गोळीला स्पर्धेत बंदी आहे, पण ती घेतली जाते. बजरंगला ती रामेश्वर उस्तादानेच पहिल्यांदा दिली होती, किताबाच्या वेळी. याही वेळी त्यानेच पाठवली.

सोमवारी संध्याकाळी बजरंग कळपाकडे गेला. भामाबाईंनी दूध पुढे केलं, ते त्याने घेतलं नाही. ओठांना भेगा पडल्या होत्या. "लेकरू लई सुकलंय," असं त्या सुकन्येला म्हणाल्या. बजरंग म्हणाला, तेच तर पाहिजे आहे.

त्याच सोमवारी दुपारी खाणीत आणखी एक गोष्ट घडली होती. अर्जुनराव थोरबोले हे तालुक्याच्या राजकारणातलं जुनं नाव. त्यांचा मुलगा आदिनाथ याला सिनेमात मारामारी करायची होती. शूटिंगला रान आणि वीज दिली होती थोरबोल्यांनीच, त्यामुळे नाही म्हणणं अवघड होतं. त्याला आणि त्याच्या दोन मित्रांना गर्दीच्या मारामारीत उभं केलं गेलं. आदिनाथला ठोसा नाकासमोरून हवेत काढायचा होता. त्याने तो नाकावर काढला. मुंबईहून आलेल्या एका फायटरचं नाक फुटलं. दुसऱ्या वेळी पुन्हा तसंच झालं, या वेळी दात हलला. फाइट मास्टरने त्याला बाजूला घेतलं नाही. जमलेल्या गावासमोरच सांगितलं, "साहेब, मारणं सोपं असतं. न मारणं शिकावं लागतं. तुम्ही खुर्चीवर बसा." लोक हसले. उत्तरेश्वरही तिथे होता, आणि तोही हसला.

मंगळवारी सकाळी आदिनाथ जीप घेऊन रानात आला. सोबत हनुमान, सटवा आणि आणखी एक मित्र होता. आदिनाथने मेंढरं ताबडतोब काढायला सांगितलं. अण्णांनी, म्हणजे अर्जुनरावांनी, गुरुवारपर्यंत बसा म्हटलंय, असं उत्तरेश्वरने सांगितलं. आदिनाथ म्हणाला, अण्णा घरी आहेत, इथे मी आहे. मग त्याने जीपमधून चाक खोलायची टॉमी काढली आणि कळपातल्या मोठ्या एडक्याच्या पुढच्या पायांवर घातली. दोन्ही पाय मोडले. एडका गुडघ्यांवर पुढे सरकत राहिला.

उत्तरेश्वर तेव्हा जे बोलला ते सुकन्येच्या जबाबात आहे, आणि आरोपींनीही ते नाकारलेलं नाही.

"मालक, मुक्या जनावराला कावून मारता? मारायचं तर काल व्हतं, शिनेमात. तितं तर जमलं न्हाई तुमाला."

आदिनाथने आपला फोन सटवाच्या हातात दिला आणि चित्रण करायला लावलं. सटवाच्या चित्रणातलं पहिलं वाक्य आदिनाथचंच आहे: "शूट कर बे. नीट घे, तोंड दिसू दे."

पहिला घाव नडगीवर आहे. हाड मोडल्याचा आवाज चित्रणात ऐकू येतो. उत्तरेश्वर खाली बसला, तेव्हा हनुमानने मागून मानेवर काठी मारली. तो आडवा झाल्यावर तिसऱ्याने बरगड्यांवर लाथा घातल्या. आदिनाथ मधेच थांबून फोनकडे बघतो, केस मागे सारतो आणि पुन्हा मारतो. उत्तरेश्वरने डोकं हातांत घेतलं होतं, म्हणून टॉमी आधी त्याच्या हातांवर पडली. बोटं मोडली तेव्हा हात निघाले. सिदू कळपामागून धावत आले, त्यांना हनुमानने ढकलून काटेरी कुंपणात पाडलं. सुकन्येने तोवर बजरंगला फोन लावला होता.

बजरंग शॉटच्या मधल्या वेळात दगडावर बसला होता. अंगाला तेल लावलेलं, वर काही नाही. तो युनिटमधल्या एकाच्या मोटारसायकलवर मागे बसला. बांधाशी गाडी अडली तिथून तो नांगरटीतून पळत सुटला. ढेकळांत दोनदा अडखळला.

चित्रणात तो डाव्या बाजूने आत येतो. ऊन अंगावर आहे. छाती, खांदे, पोटावरच्या चिरा, सगळं लखलखतंय. हनुमानच्या हातून काठी पडते. तिसरा मित्र तुरीच्या पिकात शिरतो. आदिनाथ मागे सरकतो, त्याची टाच पडलेल्या उत्तरेश्वरला लागते आणि तो धडपडतो. उत्तरेश्वरने मान उचलली. त्याच्या तोंडातून रक्त येत होतं. तो म्हणाला, "आला."

बजरंगने दोन्ही मुठी वर उचलल्या. मुठी कानांच्या उंचीवर आल्या आणि तिथेच राहिल्या.

तो तसाच उभा आहे. दंडांचे गोळे वर आलेत, पोट आत ओढलं गेलंय, मांड्या थरथरतायत, दात घट्ट मिटलेत. पुढे येत नाही, मागे जात नाही, ओरडतही नाही. सगळे त्याच्याकडे बघतायत. पिकातला मित्र बाहेर येतो. मग हनुमानचा आवाज येतो.

"पोज मारतंय बे."

यानंतर हसणं आहे. फोन हलतो, म्हणजे सटवाही हसत होता. मग आदिनाथ वळला आणि त्याने उत्तरेश्वरच्या डोक्यात टॉमी घातली. एकदा, मग आणखी दोनदा. शवविच्छेदनानुसार मृत्यू या घावांनी झाला. नंतर तो बजरंगकडे गेला आणि त्याच्या गुडघ्यावर टॉमी मारली. बजरंग फळकुटासारखा आडवा पडला. पडतानाही त्याचे हात कोपरांत दुमडलेलेच होते.

ज्या दवाखान्यात बजरंगला नेलं तिथे त्याला विचारलं गेलं, काय घेतलं होतं. तो म्हणाला, काही नाही. रक्त तपासलं गेलं नाही. सलाईन लावली, संध्याकाळपर्यंत हात सुटले. तोपर्यंत आदिनाथच्याच फोनवरून चित्रण बाहेर पडलं होतं. रात्री कुणीतरी त्याला गाणं लावलं. त्यात फक्त मुठी वर उचललेला बजरंग होता, पुन्हा पुन्हा. चौसाळ्याच्या चौकात त्याच्या नावाचा फलक होता, त्यावर कुणीतरी बांगड्यांचं चित्र काढलं. पोलिसांनी चौघांना दुसऱ्या दिवशी पकडलं आणि खुनाचा गुन्हा दाखल केला.

दहावा झाला त्या संध्याकाळी वस्तीवर पाहुणे बसलेले असताना भामाबाई बजरंगसमोर येऊन उभ्या राहिल्या. मुलगा गेल्यापासून त्या त्याच्याशी बोलल्या नव्हत्या.

"आरं, हात तरी उचलायचा व्हता."

"हात उचललेलाच व्हता, आये."

"मंग खाली कावून न्हाई आला?"

पाहुण्यांपैकी एकाने, भ्यालं असंल, असं म्हटलं. तेही बजरंगने ऐकून घेतलं.

त्याच्याजवळ उत्तर होतं. पण दोनच दिवसांपूर्वी रामेश्वर उस्ताद येऊन गेला होता. त्याचं म्हणणं असं: गोळीचं नाव निघालं तर किताब जाईल, बंदी येईल, आणि व्यायामशाळेत येणाऱ्या सगळ्या पोरांच्या आयबापांनी त्याचं दार फोडावं अशी वेळ येईल. निर्मात्यानेही निरोप दिला होता. चित्रणामुळे सिनेमाचं नाव झालं आहे, लोक काहीही बोलोत, गुडघा बरा झाला की राहिलेला शॉट पुरा करू. जाहिरातीत 'अस्सल मराठवाडी ताकद' असं लिहिलेलं होतं. उस्ताद निघताना म्हणाला, "उपास व्हता म्हण. मंगळवार व्हता, मारुतीचा उपास. पाणीबी घेतलं न्हाई. कोण इचारतंय?"

विचारलं गेलं. आरोपींच्या जामीन अर्जात बचाव पक्षाच्या वकिलांनी चित्रणातलं बजरंगचं छायाचित्र मोठं करून जोडलं. त्यांचा मुद्दा साधा होता. पडद्यावर माणसं मारणारा, किताब मिळवलेला हा माणूस मुठी उगारून धावून आला. त्या घडीला जिवाच्या भीतीने आरोपींच्या हातून जे घडलं ते घडलं. सरकारी वकील बाईंपुढे अडचण अशी की, एवढ्या ताकदीचा माणूस हल्ला करायला आला नव्हता हे सांगायचं तर तो हललाच का नाही, हे सांगावं लागणार होतं. त्यांनी बजरंगला बोलावून विचारलं. पोलिसांना दिलेल्या पुरवणी जबाबात त्याने कारण सांगितलं: निर्जळी उपास होता, म्हणून अंगात पेटके आले.

पुढच्या तारखेला बचाव पक्षाने युनिटच्या स्वयंपाक्याचं प्रतिज्ञापत्र दिलं. मंगळवारी सकाळी बजरंगने खाणीत गूळभात खाल्ला होता आणि वर दोन केळी. स्वयंपाक्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, त्याने खरं तेच सांगितलं. मुख्य साक्षीदार खोटं बोलतो, हे कोर्टापुढे आलं. सटवाने फक्त चित्रण केलं होतं आणि त्याचा मारहाणीतला सहभाग साक्षीदारांच्या सांगण्यावरच अवलंबून होता, म्हणून त्याला जामीन मिळाला. बाकी तिघांच्या अर्जांवर निर्णय व्हायचा होता.

सुटल्यावर चौथ्या दिवशी सटवा मोटारसायकलवरून कळपाजवळ आला. मासाळांनी मेंढरं तोवर दुसऱ्या गावच्या रानात नेली होती, तरी त्याने माग काढला. सुकन्या कोकरांना पाला टाकत होती. सटवाने गाडी स्टँडवर लावली, शर्टाच्या बाह्या वर केल्या, दोन्ही मुठी कानांपर्यंत उचलल्या आणि तसाच उभा राहिला. सिदू दगड घेऊन धावले तेव्हा तो हसत निघून गेला. सुकन्येने याची तक्रार दिली आहे.

त्या संध्याकाळी तिने बजरंगला बोलावून घेतलं आणि सटवा कसा उभा राहिला ते करून दाखवलं. बजरंग खाली बसला. मग त्याने आईला आणि तिला सगळं सांगितलं. मीठ, पाणी, गोळी. नांगरटीतून पळताना मांडीत पहिला गोळा आला, मुठी उचलल्या आणि दंड, पोट, जबडा एकदमच धरले गेले. ओरडायचं होतं, तोंड उघडलं नाही. मारायचं होतं, तेही अंगात नव्हतं. पेटके नसते तरी टॉमीवाल्या माणसाला त्या दिवशी तो पाडू शकला नसता, हेही त्याने सांगितलं.

भामाबाई म्हणाल्या, "दूध दिलतं की रे मी."

सुकन्या म्हणाली, "भावजी, तुमाला बघून त्यांनी 'आला' म्हणलं. मला तेवढंच ऐकू येतं. आता हे कोर्टात सांगा. किताब जाऊ द्या."

बजरंगने न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नवा जबाब दिला. त्यात गोळीचं नाव आहे आणि ती देणाऱ्याचंही. उपासाची गोष्ट खोटी होती, असंही त्याने कबूल केलं. रामेश्वर उस्तादाने अशी कोणतीही गोळी दिल्याचं नाकारलं आहे. त्याच्या म्हणण्यानुसार भाऊ वाचवता आला नाही म्हणून बजरंगच्या डोक्यावर परिणाम झाला आहे. शरीरसौष्ठव संघटनेने किताब का काढून घेऊ नये, अशी नोटीस पाठवली. निर्मात्याने त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला.

बचाव पक्षाने या जबाबावर एकच वाक्य खर्चलं: आधी उपास होता, आता गोळी आहे, पुढच्या तारखेला काय असेल ते साक्षीदाराने आजच सांगावं.

सरकारी वकिलांनी एका डॉक्टरांचं मत मागवलं. डॉक्टरांनी चित्रण पाहून लिहिलं की पडतानाही हात दुमडलेले राहणं हे पेटक्यांशी जुळतं, पण त्या दिवशीचं रक्त तपासलेलं नसल्याने खात्रीने सांगता येणार नाही. यावर बजरंगने वकील बाईंना एक गोष्ट सुचवली. मी पुन्हा शरीर सुकवतो, कोर्टासमोर उघडा उभा राहतो, मला काय उचलता येतं ते साहेबांनीच बघावं. बाईंनी नकार दिला. असा प्रयोग कायद्यात बसत नाही, कोर्ट परवानगी देणार नाही, आणि गुडघ्याच्या औषधांवर असताना हे केलं तर हृदय बंद पडू शकतं, असं त्यांनी त्याला सांगितलं. डॉक्टरांशीही फोनवर बोलायला लावलं. बजरंगने ऐकून घेतलं आणि बरं म्हणाला.

आदिनाथ, हनुमान आणि तिसऱ्या आरोपीच्या जामीन अर्जावर सोमवारी सकाळी अकरा वाजता अंबाजोगाईच्या न्यायालयात सुनावणी आहे. बजरंगला हजर राहण्याची गरज नाही, पण तो येणार असल्याचं त्याने कळवलं आहे.

रविवारी दुपारी सुकन्येने सरकारी वकिलांना फोन केला. बजरंगने शुक्रवारपासून मीठ सोडलं आहे आणि कालपासून पाणी घेतलेलं नाही. भामाबाई त्याच्यापाशी बसून आहेत. गोळी त्याच्याकडे आहे का, आणि असली तर ती त्याने घेतली का, हे सुकन्येला माहीत नाही.